पिल्लांच्या मेंदूतला गाबा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राणिशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी हे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात. काही नवजात शिशू विभागातल्या डॉक्टरांचेही आहेत. सोप्यापासून सुरुवात करून अवघडाकडे गेलो आहोत. एकच मुद्दा दोनदा येऊ नये म्हणून उत्तरांत प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. मराठीत माउस आणि रॅट दोघेही उंदीरच. पण त्यांचे वेळापत्रक वेगळे, म्हणून इथे ती नावे वेगळी ठेवली आहेत. वय मोजताना जन्माचा दिवस शून्य धरला आहे.

१. गाबा मेंदूला शांत करतो असे पुस्तकात आहे. मग पिल्लांमध्ये तो उलटा वागतो म्हणजे काय?

गाबा हा चेतापेशी एकमेकींना संदेश देण्यासाठी सोडतात तो रेणू, म्हणजे चेतापारेषक. पिल्लात आणि प्रौढात गाबाचा रेणू तोच असतो आणि तो जिथे चिकटतो ते प्रथिन, म्हणजे त्याचा ग्राही, तोही तोच. गाबा चिकटला की गाबा-ए ग्राहीमधली क्लोराइडची वाट उघडते, एवढेच त्याचे काम. क्लोराइड आत शिरेल की बाहेर पडेल हे आधीपासून पेशीत किती क्लोराइड साठले आहे यावर ठरते. प्रौढ चेतापेशीत ते थोडे असते, त्यामुळे ऋणभारित क्लोराइड आत येते आणि पेशी आणखी ऋण होते. कोवळ्या पेशीत ते भरपूर असते. वाट उघडताच ते बाहेर पडते, आतला ऋणभार कमी होतो आणि पेशी धन बाजूला सरकते. याला विध्रुवीकरण म्हणतात. 'उत्तेजन' हा शब्द मुद्दाम टाळला आहे. कारण प्रश्न ५ मध्ये आहे.

२. हे आकड्यांत कसे काढायचे?

नर्न्स्टच्या समीकरणाने. ते समतोल विभव देते, म्हणजे ज्या विद्युतदाबाला त्या आयनाची एकूण ये-जा थांबते तो. ३७ अंश सेल्सिअसला क्लोराइडचा समतोल विभव = उणे ६१.५ × लॉग (बाहेरचे क्लोराइड ÷ आतले क्लोराइड), मिलिव्होल्टमध्ये. लॉगचा पाया १० घ्यायचा. बाहेर १३० मिलिमोलर धरा.

आत २५ मिलिमोलर असेल तर उत्तर उणे ४४ येते. १५ असेल तर उणे ५८, आणि ६ असेल तर उणे ८२. पेशी उणे ७० वर विसावली असेल, तर पहिल्या दोन स्थितींत गाबा तिला वर ढकलतो आणि तिसरीत खाली ओढतो. २५ अंशाला प्रयोग करत असाल तर ६१.५ ऐवजी ५९ घ्या. ही चूक प्रात्यक्षिकांच्या वह्यांत फार दिसते.

आणखी एक बारकावा. गाबा-ए ग्राहीतून थोडे बायकार्बोनेटही जाते आणि त्याचा समतोल विभव उणे १० ते उणे १५ च्या आसपास असतो. त्यामुळे गाबाचा प्रत्यक्ष विभव क्लोराइडच्या विभवापेक्षा काही मिलिव्होल्टने कमी ऋण येतो. आतले क्लोराइड फार थोडे असेल, तर हा फरक डोळ्यांत भरण्याइतका मोठा होतो.

३. कोवळ्या पेशीत क्लोराइड जास्त का असते? ते भरते कोण आणि उपसते कोण?

पेशीच्या पटलातली दोन वाहक प्रथिने. भरणारा एनकेसीसी१. तो एक सोडियम, एक पोटॅशियम आणि दोन क्लोराइड एकत्र आत आणतो. उपसणारा केसीसी२. तो एक पोटॅशियम आणि एक क्लोराइड सोबत बाहेर नेतो. कोवळ्या पेशीत भरणाऱ्याचा जोर असतो आणि उपसणारा जवळजवळ नसतोच. वय वाढते तसा केसीसी२ वाढतो आणि साठा उतरतो. केसीसी२ मुळेच गाबाची दिशा पालटते हे रिवेरा आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये रॅटच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (स्मृतीशी निगडित मेंदूच्या भागात) दाखवले.

केसीसी२ थेट एटीपी खर्च करत नाही. पोटॅशियमच्या उतारावर तो चालतो, आणि म्हणून त्याची मर्यादाही पोटॅशियमच ठरवते. आतले पोटॅशियम × आतले क्लोराइड = बाहेरचे पोटॅशियम × बाहेरचे क्लोराइड झाले की तो थांबतो. आत १४०, बाहेर ३.५ पोटॅशियम असेल तर क्लोराइड साधारण ३.३ मिलिमोलरपर्यंत उतरू शकते. झटक्यांच्या (फिट्सच्या) वेळी बाहेरचे पोटॅशियम १० पर्यंत चढले, तर त्याच केसीसी२ ला ९.३ च्या खाली जाता येत नाही. त्याआधीच क्लोराइड कमी असेल तर तो उलटा फिरून आत भरू लागतो. झटक्यांत गाबा निकामी का ठरतो, याच्या कारणांपैकी हे एक आहे.

४. हा पालट नेमका कितव्या दिवशी होतो?

सगळ्या मेंदूसाठी एकच दिवस सांगणारे उत्तर चुकीचे आहे. रॅटच्या हिप्पोकॅम्पसमध्ये बेन-आरी आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये नोंदवलेल्या गाबाच्या मोठ्या विध्रुवक लाटा पहिल्या आठवड्यात ठळक असतात आणि बाराव्या दिवसाच्या सुमारास दिसेनाशा होतात. मेंदूचा बुंधा आणि मेरुरज्जू प्रमस्तिष्काच्या पुढे असतात. हे रास्तच, कारण श्वास जन्मल्या क्षणापासून चालावा लागतो. केसीसी२ चे जनुक पूर्ण काढलेले माउसचे पिल्लू श्वास न घेता आल्याने जन्मताच मरते.

प्राणीही बघावा लागतो. गिनीपिगचे पिल्लू डोळे उघडे ठेवून, केसांसकट जन्मते. त्याच्यात हा पालट आईच्या पोटातच उरकलेला असतो. रॅटचे पिल्लू उघडेबोडके आणि आंधळे जन्मते, त्याचा बराच भाग जन्मानंतर होतो. लिंगानेही फरक पडतो: रॅटच्या सब्स्टँशिया नायग्रा या मेंदूच्या भागात माद्यांत गाबा नरांपेक्षा लवकर पालटतो. नर-माद्या मिसळून सरासरी काढली की आलेखात उगाच पसारा दिसतो.

काही प्रयोगशाळा जन्मदिवसाला शून्य म्हणतात, काही एक. दुसऱ्याच्या निकालाशी तुलना करण्याआधी त्यांची पद्धत पाहा. या वयात एका दिवसाचा फरक फार मोठा असतो.

५. गाबा पेशीला धन बाजूला नेतो, म्हणजे तो उत्तेजकच झाला ना?

नाही, आणि सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. समजा पेशी उणे ७० वर आहे, गाबाचा विभव उणे ५० आहे आणि ठिणगी (पेशीचा विद्युत संदेश) पडण्याचा उंबरठा उणे ४५. एकटा गाबा पेशीला उणे ५० कडे नेईल, पण उंबरठा ओलांडू देणार नाही. त्याच क्षणी ग्लुटामेट हा उत्तेजक पारेषक पेशीला वर चढवत असेल, तर उघडलेल्या क्लोराइडच्या वाटांतून तो प्रवाह गळून जातो. बादलीला भोके पाडून पाणी भरण्यासारखे हे आहे. याला शंट अवरोध म्हणतात. गाबाचा विभव उंबरठ्याच्या वर असेल, तर मात्र तोच गाबा खरोखर ठिणगी पाडू शकतो.

वेळेचाही भाग आहे. वाटा काही डझन मिलिसेकंदांत बंद होतात, विध्रुवीकरण मात्र थोडे रेंगाळते. त्यामुळे त्याच क्षणी आलेले ग्लुटामेट दबते आणि किंचित उशिरा आलेल्याला मदत मिळते.

जिवंत माउस पिल्लांच्या प्रमस्तिष्कात किर्म्झे आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये नेमके हेच दाखवले: गाबा एकेका पेशीचे विध्रुवीकरण करतो, पण एकूण जाळ्याची हालचाल कमी करतो. म्हणून लिहिताना 'विध्रुवक' आणि 'उत्तेजक' हे शब्द अदलाबदल करून वापरू नका. पहिला मोजलेला असतो, दुसरा वेगळा सिद्ध करावा लागतो.

६. असल्या उलट्या गाबाचा पिल्लाला उपयोग काय?

कॅल्शियम. विध्रुवीकरणाने कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात आणि एनएमडीए या ग्लुटामेटच्या ग्राहीच्या तोंडात अडकलेला मॅग्नेशियम हलतो. ग्लुटामेटची बरीच संधिस्थाने (दोन पेशींमधल्या जोडण्या) सुरुवातीला मुकी असतात, म्हणजे तिथे एनएमडीए ग्राही असतात पण एएमपीए हे दुसऱ्या प्रकारचे ग्राही नसतात, त्यामुळे ती स्वतःच्या जोरावर मॅग्नेशियम हटवू शकत नाहीत. गाबाची संधिस्थाने हिप्पोकॅम्पसमध्ये आधी तयार होतात आणि ते काम करून देतात. आत आलेले कॅल्शियम पेशींचे स्थलांतर, शाखांची वाढ आणि नव्या जोडण्या यांना लागते. रॅटच्या प्रमस्तिष्कात केसीसी२ वेळेआधी घातला तर पेशींच्या शाखा खुरटतात.

या शेवटच्या प्रयोगाला एक अट आहे. केसीसी२ क्लोराइड उपसण्याखेरीज पेशीच्या सांगाड्यालाही धरतो आणि शाखांवरचे काटे घडवतो. म्हणून असा प्रयोग करताना क्लोराइड न वाहणारा, पण बाकी शाबूत केसीसी२ तुलनेला ठेवावा.

७. जन्माच्या वेळी गाबा थोडा वेळ शांत करणारा होतो हे खरे का?

रॅटमध्ये तसे आढळले आहे. टिझिओ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले की प्रसूतीच्या सुमारास आईचे ऑक्सिटोसिन गर्भाच्या पेशींतले क्लोराइड तात्पुरते उतरवते. नंतर ते पुन्हा चढते. त्यामुळे शून्याव्या दिवसाची नोंद सकाळची की संध्याकाळची, हे वहीत लिहा.

८. मोजायचे कसे? होल-सेल पद्धतीने सगळ्या वयांत एकच उत्तर येते.

येणारच. होल-सेलमध्ये पेशीचे पटल फोडून काचेची बारीक नळी, म्हणजे पिपेट, पेशीला जोडतात. पिपेटचे द्रावण काही मिनिटांत पेशी भरून टाकते आणि तुम्ही पिल्लाचे क्लोराइड न मोजता स्वतःच घातलेले मोजता. ग्रॅमिसिडिनची सच्छिद्र पॅच पद्धत वापरा. ग्रॅमिसिडिनच्या छिद्रांतून सोडियम-पोटॅशियम जातात, क्लोराइड जात नाही.

ग्रॅमिसिडिनचे मूळ द्रावण डीएमएसओमध्ये १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर करा. पिपेटच्या द्रावणात ते १० ते ८० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत पातळ करून सॉनिकेटरमध्ये धरा आणि दोन-तीन तासांत संपवा. शिळे द्रावण भोके पाडत नाही. पिपेटच्या टोकाला आधी ग्रॅमिसिडिन नसलेले द्रावण घ्या, नाहीतर सील बसत नाही. सील बसल्यावर २० ते ४० मिनिटे थांबा. टीटीएक्स (सोडियम वाहिन्यांचा रोधक), ग्लुटामेटचे रोधक आणि गाबा-बी चा रोधक आंघोळीच्या द्रावणात हवेत. गाबाची किंवा आयसोगुव्हॅसिनची (गाबा-ए ग्राही उघडणाऱ्या रसायनाची) फुंकर १० ते ५० मिलिसेकंदांची ठेवा आणि दोन फुंकरींत निदान अर्धा-एक मिनिट जाऊ द्या. लांब फुंकर स्वतःच क्लोराइड बदलून टाकते आणि गाबाचा विभव पेशीच्या विसाव्याच्या विभवाकडे घसरत जातो.

पिपेटमध्ये क्लोराइड मुद्दाम जास्त ठेवा, १४० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइडसारखे. पटल फुटले तर गाबाचा विभव झटकन शून्याकडे उडी मारतो आणि ती नोंद टाकून द्यायची हे लगेच कळते. श्रेणी-रोधही (पिपेट आणि पेशी यांच्यामधला विद्युत अडथळा) सोडू नका: ४० मेगओहमला २०० पिकोअँपिअर वाहिले की ८ मिलिव्होल्टची चूक होते. पिल्लू शांत की उत्तेजित हा वाद कधीकधी तेवढ्याच मिलिव्होल्टवर रंगलेला असतो.

९. आमच्या मेंदूच्या कापांत पंधरा दिवसांच्या पिल्लातही गाबा विध्रुवकच दिसतो. काय चुकते?

आधी पाते तपासा. कापताना तुटलेल्या पेशींत क्लोराइड चढते आणि वरचा थर खोटे बोलतो. पृष्ठभागापासून खोलवरच्या पेशी निवडा. नवजात मेंदूत पाणी जास्त असते, तो पात्यापुढे दबतो. पाते सावकाश चालवा, मागे ४ टक्के अगारचा आधार द्या आणि काप ३०० ते ४०० मायक्रॉनचे ठेवा. ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे मध्येच बंद पडले, तर सामू आणि बायकार्बोनेट दोन्ही बिघडतात, मग प्रश्न २ मधला बारकावा मोठा होतो.

नंतर १० मायक्रोमोलर बुमेटानाइड (एनकेसीसी१ चा रोधक) घालून १५-२० मिनिटे थांबा. गाबाचा विभव खाली आला तर भरणारा एनकेसीसी१ खरोखर चालू आहे. फरक पडला नाही तर दोष उपसणाऱ्यात किंवा मोजणीत आहे. बुमेटानाइड १०० मायक्रोमोलरपर्यंत वाढवू नका. तिथे ते केसीसी२ लाही अडवते आणि निष्कर्ष उलटा निघतो.

ग्लुकोजवर चालणारे काप उपाशी राहतात, आईच्या दुधातले कीटोन दिले की विध्रुवीकरण नाहीसे होते, असा दावा २००९ च्या सुमारास झाला होता. इतर अनेक गटांनी तो तपासला आणि तो टिकला नाही. त्यासाठी द्रावण बदलण्याची गरज नाही.

१०. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिन ओळखण्याच्या चाचणीत) केसीसी२ ची पट्टी दिसते. पालट झाला असे लिहू का?

लिहू नका. केसीसी२ तयार असूनही झोपलेला असू शकतो. त्याच्या थ्रिओनिन ९०६ आणि १००७ या जागांवर फॉस्फेट असेल तर तो काम करत नाही, आणि कोवळ्या मेंदूत तिथे फॉस्फेट जास्त असते. नमुना उकळलात तर प्रथिन गुठळ्या करून वरच अडकते. ३७ अंशावर गरम करा. सुमारे १४० किलोडाल्टनची एकेरी आणि त्याच्या दुप्पट ठिकाणची जोड-पट्टी, दोन्ही मोजा.

एनकेसीसी१ बाबत तर अधिक जपून. तो चेतापेशींखेरीज इतर पेशींतही असतो, म्हणून सबंध ऊतक दळून मोजल्यास वयासोबत कमी होण्याऐवजी वाढताना दिसू शकतो.

११. फक्त गाबाच बदलतो का?

मुळीच नाही, आणि ग्लुटामेटचा बदलही तितकाच महत्त्वाचा आहे. एनएमडीए ग्राहीत जन्माच्या सुमारास २बी हा घटक भरपूर असतो आणि पुढच्या आठवड्यांत २ए येतो. २बी असलेल्या ग्राहीचा प्रवाह काही शेकडो मिलिसेकंद रेंगाळतो, २ए चा लवकर ओसरतो. रेंगाळल्यामुळे दोन संदेश वेळेने थोडे लांब असले तरी जोडले जातात. स्वतः तपासायचा सोपा मार्ग म्हणजे ३ मायक्रोमोलर आयफेनप्रोडिल (२बी असलेल्या ग्राहीचा रोधक): लहान पिल्लात प्रवाह खूप घटतो, मोठ्यात कमी. दृष्टीच्या प्रमस्तिष्कात हा बदल अनुभवावर चालतो. अंधारात वाढवलेल्या रॅटमध्ये तो लांबतो आणि उजेड दाखवला की काही तासांत २ए येऊ लागतो.

ग्लायसिन या दुसऱ्या शामक पारेषकाचा पुरावा तर फार स्पष्ट आहे. मेरुरज्जूत त्याच्या ग्राहीत अल्फा-२ घटक जाऊन अल्फा-१ येतो. 'ऑसिलेटर' नावाच्या माउसमध्ये अल्फा-१ नसतो. ही पिल्ले सुमारे दोन आठवडे ठीक दिसतात, मग थरथर आणि ताठरपणा सुरू होतो आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास मरतात. जुना घटक गेला आणि नवा आलाच नाही.

१२. एखादी पेशी आपला चेतापारेषकच बदलू शकते का?

हो. रॅटच्या पंज्याच्या तळव्यातल्या घामग्रंथींना जाणारे तंतू सुरुवातीला नॉरॲड्रिनलिन वापरतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ॲसिटिलकोलीनकडे वळतात. हा आदेश ग्रंथीच देते. त्या जागी दुसरी ऊती लावली तर वळण होत नाही. श्रवणमार्गात मेंदूच्या बुंध्यातले काही तंतू आधी गाबा, मग ग्लायसिन सोडतात आणि मधल्या काळात चक्क ग्लुटामेटही सोडतात.

झेनोपस बेडकाच्या गर्भात स्पिट्झर यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवले की कॅल्शियमच्या ठिणग्या दाबल्या तर उत्तेजक पारेषकाच्या पेशी वाढतात आणि ठिणग्या वाढवल्या तर शामक पारेषकाच्या. जाळे स्वतःचा तोल सावरते.

१३. सेरोटोनिनचे काय? गरोदरपणात घेतल्या जाणाऱ्या नैराश्याच्या गोळ्यांबद्दल काळजी वाटते.

माउसच्या थॅलॅमसमधल्या काही पेशी पहिल्या दहाएक दिवसांत सेरोटोनिन आत ओढून साठवतात, स्वतः मात्र बनवत नाहीत. मोनोअमाइन ऑक्सिडेज-ए हे सेरोटोनिन मोडणारे विकर नसलेल्या माउसमध्ये सेरोटोनिन कित्येक पट चढते आणि प्रमस्तिष्कातला मिशांचा नकाशा उमटत नाही. पहिल्या काही दिवसांत सेरोटोनिनची निर्मिती अडवली तर तो नकाशा परत येतो; नंतर अडवून उपयोग होत नाही.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांचा गट याच धाग्यावर काम करतो. रॅट पिल्लांना दुसऱ्या ते एकविसाव्या दिवसापर्यंत फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध दिले तर ती मोठेपणी जास्त भित्री होतात, तेच औषध प्रौढांत उलट कामाचे असते.

हे निष्कर्ष माणसाच्या गर्भावर जसेच्या तसे लावता येत नाहीत. उपचार न केलेल्या नैराश्याचाही आई आणि बाळाला धोका असतो. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

१४. नवजात बाळाच्या झटक्यांवर फेनोबार्बिटल हे गाबाचा परिणाम वाढवणारे औषध मग देतात कसे?

ते आजही पहिले औषध आहे आणि अनेक बाळांत लागू पडते. १९९९ मधल्या एका तुलनात्मक चाचणीत फेनोबार्बिटलने ४३ टक्के आणि फेनिटॉइनने ४५ टक्के बाळांचे झटके आटोक्यात आले. माणसात केसीसी२ गर्भावस्थेच्या शेवटी वाढू लागतो, त्यामुळे पूर्ण दिवसांच्या बाळाला 'रॅटचे पिल्लू' समजणे चुकीचे. शिवाय प्रश्न ५ मधला शंट अवरोध असतोच.

बुमेटानाइडकडून मोठी आशा होती. युरोपातली चाचणी १४ बाळांनंतर थांबवली गेली. झटके अपेक्षेइतके कमी झाले नाहीत आणि जगलेल्या ११ पैकी ३ बाळांना ऐकू येण्याचा त्रास झाला. एनकेसीसी१ कानाच्या आतल्या द्रवासाठीही लागतो, आणि हे औषध मेंदूत फारच थोडे पोचते.

एक वेगळे कारण विसरू नये. ग्लुटामेटपासून गाबा बनवणाऱ्या विकराला बी६ जीवनसत्त्व लागते. औषधांना दाद न देणाऱ्या झटक्यांत बी६ वर अवलंबून असलेली अपस्मार आहे का, हे बालरोगतज्ज्ञ म्हणूनच पाहतात.

१५. पिल्लांवर काम करताना कोणती काळजी वेगळी?

संस्थेच्या प्राणी नीती समितीची मंजुरी आधी, प्रौढांइतकीच. नवजात पिल्ले ऑक्सिजनच्या अभावाला फार चिवट असतात. कार्बन डायऑक्साइडने प्रौढ उंदीर काही मिनिटांत मरतो, जन्मल्या दिवशीच्या माउसला ५० मिनिटांपर्यंत लागू शकतात. निपचित दिसले म्हणजे मेले असे समजून पुढे जाऊ नका. मंजूर केलेली दुसरी खात्रीची पद्धत लगेच वापरा. पिल्लू आईपासून दूर असताना ऊब द्या, कारण थंडीने श्वास, चयापचय आणि तुमच्या नोंदी सगळेच बदलते.

१६. प्रौढ मेंदूत विध्रुवक गाबा कुठेच उरत नाही का?

उरतो. स्पर्श आणि वेदना वाहून आणणाऱ्या मेरुरज्जूजवळच्या संवेदी पेशी आयुष्यभर एनकेसीसी१ चालू ठेवतात. तिथे गाबा तंतूच्या टोकाचे विध्रुवीकरण करूनच संदेश अडवतो. प्रश्न ५ चे हे प्रौढातले उदाहरण. चेता दुखावल्यावर मेरुरज्जूच्या वरच्या थरात केसीसी२ घटतो आणि गाबा पुन्हा पिल्लासारखा वागू लागतो. वेदना टिकून राहण्यामागे हाही एक भाग आहे. आणि प्रौढ माउसच्या डेंटेट जायरसमध्ये (हिप्पोकॅम्पसच्या एका भागात) नव्याने जन्मणाऱ्या पेशी सुरुवातीच्या आठवड्यांत हाच सगळा क्रम पुन्हा पार पाडतात: आधी भरपूर क्लोराइड, विध्रुवक गाबा, मग ग्लुटामेटच्या जोडण्या. त्या टप्प्यावर एनकेसीसी१ कमी केला तर त्यांच्या शाखा वाढत नाहीत, जसे प्रश्न ६ मधल्या पिल्लांत घडले तसेच.